उलट्या वाऱ्याची पेटी

७ जानेवारी

धाकटे,

आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं तोंड वाकडं होणार नाही. दुकानातलं कामाचं टेबल, सोळा खणांचं. प्रत्येक खण एका बोटाने उघडतो. घड्याळाचे चिमटे अकरा, पैकी दोन सायकलच्या तारांचे. चौकातल्या टॉवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा, कारण मूळचा वाऱ्याने पडला आणि बनवणारी कंपनी त्याआधीच पडली होती. तुझ्या वहिनीचं शिवणयंत्र, म्हणजे त्याचा खालचा निम्मा भाग. शेजारच्या मास्तरांचं कानाचं यंत्र. ते मधूनमधून शिट्टी मारतं, पण मास्तरांना ऐकू येतं. आमच्या ठकीचा पाळणा, सत्तावीस वर्षं झाली, एक स्क्रू सैल नाही. आणि बिनधुळीची काचेची पेटी. तिच्यात हात घालून मी उघडी घड्याळं दुरुस्त करतो आणि अकरा वर्षांत एकाही घड्याळात कण गेलेला नाही. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. आठवीनंतर मी शाळा सोडली आणि शाळेने सुटकेचा श्वास सोडला.

आता मुद्दा. ठकी परवा दोन दिवस येऊन गेली. तुझ्या हाताखाली नर्स म्हणून लागून तिला पाच महिने झाले; आत्याच्या हाताखाली आहे म्हणून आम्ही निश्चिंत होतो. जेवताना म्हणाली, ‘बाबा, भाजीला धातूची चव लागतेय.’ तुझी वहिनी भडकली. तिला वाटलं भांड्याला नावं ठेवतेय. मग ठकी हळूच बोलली की वॉर्डात कॅन्सरची औषधं तुम्हीच मिसळता, साध्या टेबलावर, खिडकीपाशी, डोक्यावर पंखा. हे खरं का? टेबल केवढं? खिडकी कोणत्या अंगाला? दिवसाला किती बाटल्या? औषध हातावर उडतं का, आणि उडतं तर किती?

फोन करू नकोस. फोनवर बोललेलं उद्या कोणी कबूल करत नाही. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही. मापं इंचात दे.

दादा

१३ जानेवारी

दादा,

टेबल अठ्ठेचाळीस बाय चोवीस. खिडकी डाव्या हाताला. बाटल्या तीस-पस्तीस, सोमवारी चाळीस. झालं समाधान?

ठकीने घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं ते खोटं नाही. ही औषधं वाढणाऱ्या पेशींना मारतात. पेशी रोग्याची की नर्सची, हे त्यांना कळत नाही. रोग्याला ती मोजून देतात, त्याचा रोग बरा व्हावा म्हणून. आम्हाला ती न मोजता मिळतात, आणि आम्हाला तर रोगही नाही. बाटलीत सुईने पाणी सोडून औषध विरघळवलं की आत दाब साचतो. सुई बाहेर काढताना एवढंसं फुस्स होतं. ते फुस्स दिसत नाही, वास येत नाही, ओलंही लागत नाही. दिवसात पस्तीस वेळा फुस्स.

आम्ही जमेल तेवढं करतो. दोन दोन हातमोजे, लांब बाह्यांचा गाऊन, सलाईनची नळी आधी साध्या सलाईनने भरून घ्यायची, म्हणजे जोडताना औषधाचा थेंब गळत नाही. रिकाम्या बाटल्या वेगळ्या डब्यात. त्या खोलीत चहा नाही, डबा नाही, ओठाला बोटसुद्धा नाही. माझ्या हाताखालच्या दोघी-तिघी आधी हसायच्या. उंच सिस्टर तर म्हणाली, ‘ताई, तुम्ही आम्हाला श्वास तरी घेऊ देणार का?’ मी म्हटलं, घे, पण बाहेर जाऊन घे.

खरं पाहिजे ते वेगळंच. या कामासाठी कपाट मिळतं. समोर अर्धी काच, त्याखालून दोन हात आत. ते समोरची हवा आत ओढतं, गाळतं आणि नळीने इमारतीच्या बाहेर सोडतं. मी दोन वर्षांत तीन अर्ज दिले. आमचे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे व्यवस्थापक, माणूस वाईट नाही. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर सही करत नाहीत. प्रत्येक अर्जावर ‘पाहू’ असं लिहितात, आणि अक्षर इतकं सुंदर की रागही येत नाही.

तू काही करू नकोस. हात जोडून सांगते. मागच्या खेपेला तू माझ्या दाराची बेल दुरुस्त केलीस, ती आता शेजाऱ्यांच्या घरी वाजते.

धाकटी

१० फेब्रुवारी

धाकटे,

बेलचा विषय वायरिंगचा होता, माझा नव्हता. ते असो.

पेटी तयार आहे. उद्या टेम्पोने निघेल. तू लिहिलंस ‘काही करू नकोस’, ते मी तीनदा वाचलं आणि लक्षात आलं की तुला संकोच वाटतोय. बहिणीने भावाकडे मागायला संकोच करू नये.

लांबी चव्वेचाळीस इंच, म्हणजे तुझ्या टेबलावर दोन्ही बाजूंना दोन दोन इंच उरतील. खोली बावीस, उंची तीस. काच पाच मिलिमीटर, कडा मी स्वतः घासल्या आहेत, गालावर फिरवलीस तरी ओरखडा येणार नाही (फिरवू नकोस). मागच्या बाजूला पंखा, त्यापुढे गाळणी, तीन थरांची. गाळलेली स्वच्छ हवा मागून पुढे संथ वाहत राहते. बाहेरचा कण आत येऊच शकत नाही. माझी दुकानातली पेटी याच तत्त्वावर चालते, फक्त ही तिप्पट मोठी. कंपनीच्या कपाटाला जी किंमत सांगतात त्यात मी माझं दुकान, तुझी वहिनी आणि टॉवरचं घड्याळ मिळून विकत घेईन. वहिनीने हे वाक्य वाचलं आहे. तिचं म्हणणं आहे की तिला क्रमाने तरी पहिलं ठेवायला हवं होतं.

सोबत सूचनांची नऊ पानं आहेत. पान चार कोणी गाळू नये.

ठकीला सांग, पहिली बाटली तिनेच उघडायची. बापाच्या पेटीत.

दादा

२१ फेब्रुवारी

दादा,

पेटी पोचली. चौघांनी उचलली, पाचवा दार धरायला लागला. दिसायला फारच देखणी आहे. रोगी मुद्दाम बघायला येतात. एका आजोबांनी विचारलं, यात मासे कधी सोडणार.

साहेब दोनदा येऊन गेले. काचेवर टिचकी मारून म्हणाले, ‘वा, सिस्टर! घरातच इंजिनियर असताना आपण कंपन्यांच्या मागे का लागलो होतो?’ इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

वारा भरपूर आहे. पान चार सगळ्यांनी वाचलं.

ठकी मजेत आहे. सध्या तिला मी नोंदवहीच्या कामाला बसवलंय आणि रोग्यांना समजावून सांगायला. अक्षर चांगलं आहे तिचं.

वहिनीला नमस्कार. तिचं म्हणणं बरोबर आहे.

धाकटी

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दुकानात तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. मास्तरांना दोनदा, कारण पहिल्यांदा शिट्टी वाजली.

‘वारा भरपूर आहे’ यातला तुझा मोठेपणा मला कळला. तू कमी बोलणारी. भरपूर म्हणजे तुला अजून थोडा हवा असणार. म्हणून आजच्या पार्सलने दुसरी मोटर पाठवतोय, पहिलीच्या तिप्पट ताकदीची. जुनी काढायला चार स्क्रू, नवी बसवायला तेच चार.

आणखी एक बातमी. तुमच्या हॉस्पिटलात सामान विकायला येणारे एक गृहस्थ आहेत, कायम हातात कातडी बॅग. साहेबांनी त्यांना पेटी दाखवली आणि ते सरळ माझा पत्ता काढत दुकानात आले. एक घड्याळही दुरुस्तीला आणलं होतं, म्हणजे माणूस रिकाम्या हाताने येणाऱ्यांतला नाही. लहान लहान गावांतल्या हॉस्पिटलांत अशा पेट्या पाहिजेत म्हणाले. महिन्याला किती करू शकाल, असं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ‘तुमची शाखा कुठे’ असं विचारलं. मी म्हटलं, मागच्या अंगणात. विचार करून कळवतो म्हणालो आहे, पण मनात हो आहे. दुकानात हल्ली दिवसाला दोन घड्याळं येतात, आणि त्यातल्या एकाला नुसता सेल लागतो.

एक गोष्ट मात्र खटकली. माझी पेटी आली आणि माझीच पोरगी वहीवर? अक्षर चांगलं असणं हा काय गुन्हा आहे? तिला पेटीवर बसव. लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?

दादा

५ मार्च

दादा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. तूच म्हणतोस, कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही. म्हणून कागदावर लिहितेय.

तुझी पेटी उलटी आहे.

तिचा वारा मागून पुढे येतो. पुढे कोण बसतं? आम्ही बसतो. बाटलीतून जे फुस्स निघतं ते आधी इकडे-तिकडे जायचं. आता तुझ्या तीन थरांच्या गाळणीतून आलेली स्वच्छ हवा ते नेमकं उचलते आणि आमच्या नाकात नेऊन सोडते. पहिल्याच दिवशी मी बटण दाबलं आणि माझ्या टोपीची पट्टी मागे उडाली, तेव्हाच कळलं. तुझ्या धंद्यात घड्याळाला माणसापासून जपायचं असतं. आमच्यात औषधालाही जपायचं आणि माणसाला औषधापासूनही. तू अर्धंच केलंस, आणि ते अर्धं दुसऱ्या अर्ध्याच्या मुळावर आलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू एवढ्या हौसेने काच घासली होतीस. मी लिहिलं ‘वारा भरपूर आहे’, आणि तू मोटर पाठवलीस. हसू की रडू कळेना. उंच सिस्टर हसली, मग मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. साहेबांनी माझा चौथा अर्ज परत पाठवला. यावेळी ‘पाहू’ नाही, ‘गरज नाही, पेटी आहे’. रोज अकराला चक्कर मारतात आणि पेटी बंद दिसली की विचारतात का बंद. तुझी नवी मोटर त्यांनीच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली. मी नसते तेव्हा पोरी घाबरून चालू करतात. मी साहेबांना सांगितलं तर म्हणतात, ‘सिस्टर, बनवणाऱ्याला जास्त कळतं की तुम्हाला?’ म्हणजे आता बनवणाऱ्यानेच लिहून द्यायला हवं की ही पेटी या कामाची नाही. तुझ्या सहीने. त्याशिवाय कपाट येत नाही.

आणि ठकी वहीवर का, तेही सांगते. तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. ठकीला दिवस गेलेत. तिसरा महिना चालू आहे. मला कळलं त्याच तासाला मी तिला त्या खोलीतून बाहेर काढलं. पण त्याआधीचे काही आठवडे ती त्या टेबलाशी बसली होती, पोटात बाळ घेऊन, तिलाही ठाऊक नसताना. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, आजपर्यंत सगळं ठीक आहे. तरी ते आठवडे मी रोज बोटांवर मोजते. तिने तुम्हाला सांगितलं नाही कारण ‘बाबा हत्यारांची पेटी घेऊन वॉर्डात येऊन बसतील’. मी तिला म्हटलं, काहीतरीच काय. पण माझाही आवाज खालीच होता.

उंच सिस्टरचं लग्न मे महिन्यात आहे. उद्या औषधं मिसळायची तिची पाळी. एक वहीवर बसवली की टेबलाशी दुसरी बसते, दादा. सगळ्यांना वहीवर बसवता येत नाही.

धाकटी

८ मार्च

धाकटे,

पत्र पोचलं. ठकीची बातमी वाचून तुझी वहिनी शेजारणींकडे गेली ती अजून परत आली नाही. मी जावईबापूंना फोन केला. त्यांना वाटलं ठकीनेच सांगितलं, म्हणून त्यांनी मोकळेपणाने माफी मागितली. मीही मोकळेपणाने स्वीकारली.

पेटीविषयी. वारा बाहेर जातो हे मला माहीत आहे. तो जायलाच हवा. अकरा वर्षं जातो आहे. माझ्या पेटीला आजवर कोणी उलटी म्हटलेलं नाही. बाहेर जाणारा वारा तोंडाला लागला तर माणसाने तोंड बाजूला घ्यावं. पान सात पाहा.

असला कागद मी लिहून देणार नाही.

दादा

२२ मार्च

धाकटे,

मधल्या दोन आठवड्यांत तू एक ओळही लिहिली नाहीस. चांगलं केलंस. लिहिली असतीस तर मी तिला उत्तर देत बसलो असतो.

झालं ते क्रमाने लिहितो. नऊ तारखेला मी दुकानातल्या पेटीत टाल्कम पावडरची डबी ठेवली. तिच्यात रबरी फुगा घातला, तुझं फुस्स करण्यासाठी. पेटीपुढे तुझ्या वहिनीला बसवलं. ती म्हणाली, ‘मला काय करायचंय?’ मी म्हटलं, काही नाही, तू नर्स आहेस. फुगा दाबला. साधारण पाव चमचा पावडर. वहिनी भुवयांपर्यंत पांढरी झाली. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात हा तिचा सर्वांत लांब मौनाचा प्रसंग.

मी म्हटलं, तोंड बाजूला घे. पान सातप्रमाणे. पुन्हा दाबला. कान भरला.

मग मी तिला उठवलं आणि स्वतः बसलो. फुगा तिच्या हातात दिला. तिने सांगितल्यापेक्षा जास्त वेळा दाबला. शेवटी मी पावडरमध्ये बसलेलो असताना ती म्हणाली, ‘इथे आपली ठकी बसणार होती. पहिली बाटली तिनेच उघडायची, असं तुम्हीच लिहिलं होतंत.’

त्यानंतर चार दिवस मी दुकान उघडलं नाही. टाचणी पडल्याचं निमित्त सांगितलं; शोधतोय म्हटलं.

आता ऐक. या पार्सलात तीन वस्तू आहेत.

पहिली, निळसर दिवा. घड्याळाचं तेल कुठवर पसरलंय हे मी त्याने बघतो. साध्या उजेडात न दिसणारं तेल त्याच्याखाली चमकतं. घर पितळेचं आहे, मी ओतलेलं. त्यात कोणी डोळे घालून बघू नये.

दुसरी, पिवळी पूड. डोळे तपासायला डॉक्टर डोळ्यात घालतात तीच, निरुपद्रवी. ती पाण्यात टाक आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भर. धुतलेली जुनी नको, कोरी घे. मग रोज जसं औषध तयार करतेस तसंच कर. एकदा साध्या टेबलावर, एकदा माझ्या पेटीत, नवी मोटर चालू ठेवून. साहेबांना शेजारी उभं कर. पाणी खूप पातळ कर, म्हणजे साध्या उजेडात काही दिसता कामा नये. नंतर पडदे ओढ आणि दिवा लाव. कुठे कुठे हिरवं चमकतं त्याची अंतरं मोज. फुटात चालतील.

तिसरी, लिफाफा. दिवा लावून झाल्यावर साहेबांच्या हातात द्यायचा. आत लिहिलंय ते तुलाही कळू दे: ‘मी, ही पेटी बनवणारा, लिहून देतो की ही पेटी घड्याळासाठी उत्तम आणि नर्ससाठी घातक आहे. हिचा वारा काम करणाऱ्याच्या तोंडावर येतो. कारागिरीत दोष नाही, दिशेत आहे. हवा आत ओढून इमारतीबाहेर सोडणारं, तपासून प्रमाणपत्र दिलेलं कपाट लागेल. ते मला बनवता येत नाही.’

शेवटच्या पाच शब्दांना मला दीड दिवस लागला.

दादा

३ एप्रिल

दादा,

बस आणि सावकाश वाच. वहिनीलाही बोलाव.

काल साडेअकराला केलं. मी स्वतः बसले, दोन हातमोजे, गाऊन, सगळं नीट. साहेब माझ्या उजव्या खांद्यामागे उभे, हातात चहा. मी म्हटलं, साहेब, या खोलीत चहा चालत नाही. ते म्हणाले, ‘अहो, पाणीच तर आहे आज.’ मी म्हटलं, मग राहू द्या.

आधी टेबलावर पाच बाटल्या केल्या. मग पेटीत पाच. तिप्पट मोटर अशी घोंघावत होती की पलीकडच्या वॉर्डातून कोणीतरी विचारायला आलं. साहेबांनी मधेच माझी नोंदवही हातात घेऊन चाळली, पेन घेऊन एक चूक दुरुस्त केली, मिशीला पीळ दिला. साध्या उजेडात सगळं कोरडं, स्वच्छ. साहेब म्हणाले, ‘बघा! काहीसुद्धा उडालं नाही. उगाच घाबरता.’

उंच सिस्टरने पडदे ओढले. ठकी दाराबाहेरून बघत होती, मी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. मी दिवा लावला.

टेबलावर चार हिरवे ठिपके, आणि माझ्या बाहीवर दोन. ही आमची जुनी पद्धत. मग मी दिवा स्वतःकडे वळवला. छाती, गळा, हनुवटी, मास्कची वरची कड, सगळं हिरवंगार शिंपडलेलं. साहेब मोठ्याने हसले, ‘सिस्टर, तुम्ही तर काजवा झालात!’

मी दिवा त्यांच्यावर धरला.

दादा, मिशीची डावी बाजू हिरवी! फक्त डावी, कारण पीळ तिलाच देतात. चष्म्याची काच. टाय. चहाच्या कपाचा कान आणि कपाची कड, आणि कप अर्धा रिकामा. उंच सिस्टरने तोंडात रुमाल कोंबला. साहेब म्हणाले, ‘हे काय, हे माझ्यावर कसं?’ आणि बोलता बोलता त्यांनी दाराची कडी धरली. मी दिवा कडीवर नेला. कडी हिरवी. भिंतीवरच्या फोनवर मघाशी ते एक मिनिट बोलले होते. फोन हिरवा. सर्वांत लांबचा थेंब कॅलेंडरवर, साडेआठ फुटांवर. मी टेपने मोजला, तू विचारशील म्हणून.

ते बाहेर जाऊन साबणाने तोंड धुऊन आले. पुन्हा दिवा. कानामागे हिरवं. पुन्हा धुतलं. हिरवं. तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा कोणीच हसत नव्हतं. ठकी दारातून म्हणाली, अगदी हळू, ‘साहेब, हे दिसतंय तरी. खरं औषध असतं तर तुम्ही असेच घरी गेला असता. मुलांना उचललं असतं.’

मग मी लिफाफा दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला, दोनदा. म्हणाले, ‘बनवणाऱ्याने स्वतः लिहिलंय?’ मी म्हटलं, माझा भाऊ आहे. तो आजवर चुकला नाही असं त्याचं मत आहे. म्हणजे हे किती खरं असेल ते बघा.

पाचवा अर्ज माझ्या खिशात होताच. त्यांनी तिथेच सही केली. ‘पाहू’ नाही, नुसती सही. सही हिरवी चमकत होती, कारण पेन तेच.

कपाट यायला सात-आठ आठवडे. तोवर औषधं मोठ्या हॉस्पिटलच्या कपाटात तयार होऊन बंद पिशव्यांतून येतील, हेही त्यांनीच फोनवरून ठरवलं. दुसऱ्या फोनवरून. आणि दिवस गेले की नर्सने ताबडतोब सांगायचं, तिचं काम बदलेल, पगार तोच राहील, असा कागद फळ्यावर लागलाय. सुंदर अक्षरात.

ठकी बरी आहे. काल पहिल्यांदा म्हणाली की तिला बाबांना भेटायचंय.

धाकटी

३ जून

धाकटे,

तुझं कार्ड पोचलं. कपाट बसलं, वारा आत ओढतं, छपरावरून बाहेर सोडतं, आणि समोर टांगलेली टिशूची पट्टी आतल्या बाजूला झुकते, हे वाचून बरं वाटलं. रोज सकाळी पट्टी बघायची. यंत्रावर विसंबू नये, माझ्या अनुभवाचं सांगतो.

साडेआठ फूट हे अंतर मात्र मी दुकानात सांगतो. एवढ्या मोटरला ते उत्तमच आहे.

माझी पेटी तू बाहेरच्या खोलीत ठेवून तिच्यात पोरींचे जेवणाचे डबे ठेवतेस, हे कळलं. आधी राग आला. मग विचार केला: वारा मागून पुढे, बाहेरचा कण आत येऊच शकत नाही. डब्यांसाठी यापेक्षा चांगली पेटी सापडणार नाही. मोटर मात्र जुनीच बसव, नाहीतर पोळ्या वाळतील.

ठकी रविवारी आली होती. सोनोग्राफी चांगली आहे. भाजी दोनदा वाढून घेतली, चवीबद्दल काही बोलली नाही. वहिनी तेवढ्याने दिवसभर गाणं गुणगुणत होती. ठकीने पाळणा बघितला. मी त्याला बेअरिंग घातलंय, आता आवाज येत नाही. ती म्हणाली, ‘बाबा, हे कुणाला दाखवून बसवलंत ना?’ बापाला असं विचारणारी पोरगी तुझ्या हाताखाली तयार झाली. तरीपण दाखवलं, समोरच्या सुताराला. त्याने एक वॉशर बदलायला सांगितला. बदलला.

राहता राहिले बॅगवाले गृहस्थ. काल घड्याळ न्यायला आले. सोबत करारनामा होता, टाईप केलेला, माझ्या नावापुढे ‘उत्पादक’ असं लिहिलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पावडरसकट. ते म्हणाले, ‘अहो, लहान गावात दिशा कोण बघतंय? पेटी चकचकीत आहे, बटण दाबलं की आवाज येतो. लोकांना तेवढं पुरे.’ मी विचारलं, तिच्यापुढे बसणार कोण? म्हणाले, ‘कोणीतरी नर्स बसेल.’ मी म्हटलं, घड्याळवाल्यांसाठी पाहिजेत तर चाळीस काय, एक्केचाळीस करून देतो. ते हसले. एवढे घड्याळवाले आता उरलेत कुठे, म्हणाले. हे मात्र खरं आहे.

त्यांचं घड्याळ मी दुरुस्त करून दिलं. करारनामा परत दिला. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही. तू ठकीला सांगितलंस की ते आपोआप इथवर येईल, म्हणून तुला नेमकं लिहितो. चाळीस पेट्या, नगाला अकरा हजार दोनशे. नाही म्हणालो. चार लाख अठ्ठेचाळीस हजार.

दादा